रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून स्टॅटिन बंद करू नये

कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन ही गोळी सुरू होते, तीन महिन्यांनी रक्तातल्या मेदाची तपासणी (लिपिड प्रोफाइल) केली जाते, एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १६० वरून ८० वर (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आलेले दिसते आणि गोळी बंद होते. कधी रुग्ण स्वतःच बंद करतो, कधी घरचे सुचवतात, तर कधी ‘आता सगळं नॉर्मल आहे’ म्हणताना डॉक्टरही हरकत घेत नाहीत. ताप उतरल्यावर तापाची गोळी थांबवावी, तसा हा हिशेब. पण ताप उतरतो तो बहुधा आजार गेल्यामुळे. एलडीएल उतरलेले असते ते गोळी चालू असल्यामुळे. ती थांबली की काही आठवड्यांत आकडा होता तिथे परत जातो. या काळात काही दुखत नाही, धाप लागत नाही, चक्कर येत नाही. त्यामुळे निर्णय बरोबरच होता, असे वाटत राहते.

माझे म्हणणे असे, की स्टॅटिनबद्दलची आपली सगळी चर्चा आकड्यापाशी अडकली आहे. धमनीच्या भिंतीत साठलेल्या मेदाच्या थराचे, म्हणजे प्लाकचे, काय होते आहे, ते किती वर्षे होत राहायला हवे, हे रुग्णाला क्वचितच कोणी सांगते. औषध मध्येच सुटते त्याला रुग्णाचा निष्काळजीपणा फारसा कारणीभूत नसतो. औषध कशासाठी दिले आहे हेच त्याला कळलेले नसते.

प्लाक धमनीच्या पोकळीत साचतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात तो भिंतीच्या आत वाढतो. एलडीएलचे कण आतल्या अस्तराखाली शिरतात, तिथल्या प्रथिनांना चिकटून अडकतात आणि त्यांचे ऑक्सिडीकरण होते. ते उचलायला पांढऱ्या पेशी येतात, मेद गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. हे वर्षानुवर्षे चालले की मेलेल्या पेशी आणि कोलेस्टेरॉल यांचा मऊ गाभा तयार होतो आणि शरीर त्यावर कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचे आवरण घालते. खरा धोका या आवरणाच्या जाडीत आहे. आवरण ६५ मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या पंधराव्या भागापेक्षा पातळ असेल आणि खालचा गाभा मोठा असेल, तर ते फाटू शकते. गाभ्याभोवतीच्या दाहक पेशी कोलॅजेन तोडणारी विकरे (एन्झाइम) सोडून ते आणखी झिजवत असतात. ते फाटले की गाभ्यातला माल रक्ताच्या संपर्कात येतो, गुठळी धरते आणि हृदयविकाराचा झटका येतो.

यात एक गोष्ट फसवी आहे. प्लाक वाढू लागला की धमनी आधी बाहेरच्या बाजूला फुगून त्याला जागा करून देते. सीमोर ग्लागॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले, की प्लाकने धमनीच्या छेदातली साधारण ४० टक्के जागा व्यापेपर्यंत आतली पोकळी फारशी अरुंद होतच नाही. अँजिओग्राफीत दिसते ती फक्त पोकळी. त्यामुळे ‘३० टक्केच ब्लॉकेज आहे, काळजी नको’ हे वाक्य अर्धेच खरे असते. झटक्याला कारण ठरलेल्या अनेक प्लाकमुळे आधी निम्मीही पोकळी बंद झालेली नसते. स्टेंट एका जागी बसतो; रोग मात्र हृदयाच्या सगळ्या धमन्यांच्या भिंतींत कमी-अधिक पसरलेला असतो. स्टेंट बसवल्यावर ‘आता रस्ता मोकळा झाला, गोळ्या कशाला’ असे विचारणाऱ्याला हे कुणीतरी आधीच, चित्र काढून समजावायला हवे.

स्टॅटिन यात काय करते? यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या साखळीतले एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर ते अडवते. पेशीत कोलेस्टेरॉल कमी पडले की यकृत आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवते आणि रक्तातले कण ओढून घेते. या रिसेप्टरचा उलगडा मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी केला. कोलेस्टेरॉलच्या नियमनावरील कामासाठी त्यांना १९८५ चे नोबेल मिळाले. हे विकर अडवणारा पहिला पदार्थ जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात हजारो बुरशा तपासून वेगळा केला होता. १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली.

मग प्लाक विरघळतो का? थोडा, आणि तोही फार सावकाश. २००६ च्या ‘ॲस्टेरॉइड’ अभ्यासात रुग्णांना रोज ४० मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिन दोन वर्षे दिले. एलडीएल सरासरी ६१ च्या आसपास आले. धमनीच्या आत अल्ट्रासाउंड घालून मोजल्यावर, धमनीच्या एकूण आकारमानातला प्लाकचा वाटा जेमतेम एक टक्क्याने घटला होता. २०११ च्या ‘सॅटर्न’ चाचणीत १,०३९ रुग्णांना ॲटोर्व्हास्टॅटिन ८० किंवा रोसुव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम १०४ आठवडे दिले, घट ०.९९ आणि १.२२ टक्के. या सर्वोच्च मात्रा आहेत, आणि तरीही जवळपास एकतृतीयांश रुग्णांत प्लाक मागे हटला नाही. म्हणून ‘ब्लॉकेज साफ करतो’ असा दावा कोणत्याही गोळीच्या, काढ्याच्या किंवा रसाच्या नावाने केला जात असेल तर तो खोटा समजावा.

एका टक्क्याच्या घटीने झटके एवढे कमी कसे होतात, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर प्लाकच्या आकारापेक्षा त्याच्या घडणीत सापडते. भिंतीत नवे कण येणे कमी झाले की मऊ गाभा आकसतो, दाहक पेशी घटतात, आवरण जाड होते आणि जुन्या गाभ्याच्या जागी तंतू आणि घट्ट कॅल्शियम येते. फाटण्याजोगा प्लाक टिकाऊ होतो. सीटी अँजिओग्राफी पुन्हा पुन्हा करून घेतलेल्या ‘पॅराडाइम’ नोंदणी अभ्यासात २०१८ मध्ये हेच दिसले: स्टॅटिन घेणाऱ्यांत प्लाकची एकूण वाढ मंदावली, घातक लक्षणे असलेले प्लाक कमी बनले, पण कॅल्शियमयुक्त भाग मात्र वाढला.

यातून एक गोंधळ उभा राहतो. स्टॅटिन सुरू केलेला माणूस दोन-तीन वर्षांनी कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांतले कॅल्शियम मोजणारी सीटी तपासणी) पुन्हा करून घेतो, तो १२० वरून १९० झालेला पाहतो आणि ‘औषध घेऊनही रोग वाढला’ म्हणून गोळी सोडतो. हा स्कोअर कॅल्शियमच्या घनतेलाही गुण देतो. प्लाक घट्ट झाला की आकडा चढतो. औषध सुरू करायचे की नाही या द्विधेत ही तपासणी फार उपयोगी आहे. औषध सुरू झाल्यावर ‘गुण आला का’ हे पाहण्यासाठी ती पुन्हा करण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही, आणि अशी तपासणी लिहून देणाऱ्यांनी हे आधी रुग्णाला सांगितले पाहिजे.

आता काळाचा मुद्दा. माझ्या मते सगळ्यात कमी बोलले जाते ते याच्याबद्दल. स्कँडिनेव्हियातील ‘फोर-एस’ चाचणीत हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांना सिमव्हास्टॅटिन किंवा प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) दिले होते. १९९४ मध्ये निकाल आला: सुमारे साडेपाच वर्षांत प्लासिबो गटात २५६ मृत्यू, औषधाच्या गटात १८२. पुढे अनेक चाचण्यांतील १,७०,००० लोकांची माहिती एकत्र केल्यावर २०१० मध्ये दिसले, की एलडीएल ३९ मिलिग्रॅमने उतरले तर झटका, पक्षाघात, अँजिओप्लास्टी-बायपास अशा घटना सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतात. पहिल्या वर्षात मात्र हा फायदा साधारण निम्माच दिसतो. पूर्ण गुण दुसऱ्या वर्षापासून यायला लागतो. म्हणजे सहा महिन्यांत गोळी सोडणारा माणूस औषधाचा सगळ्यात कमी फळ देणारा काळ तेवढा घेतो आणि पुढचा टाकून देतो.

याच्या शेजारी निसर्गानेच केलेला एक प्रयोग ठेवून पाहावा. काही लोकांत पीसीएसके-९ या जनुकातल्या बदलामुळे एलडीएल जन्मापासूनच कमी असते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, ज्यांचे एलडीएल अशा बदलामुळे २८ टक्क्यांनी कमी होते त्या कृष्णवर्णीयांत हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी आढळला. ज्यांचे फक्त १५ टक्क्यांनी कमी होते त्या श्वेतवर्णीयांत ४७ टक्क्यांनी. पन्नाशीत सुरू केलेली गोळी पाच वर्षांत जे साधते, त्याच्या कितीतरी पट फायदा मध्यम घट आयुष्यभर टिकल्याने होतो. आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल असलेल्या मुलांबाबत नेदरलँड्समध्ये २० वर्षे पाठपुरावा केलेल्या अभ्यासानेही हीच दिशा दाखवली. बालपणी स्टॅटिन सुरू झालेल्यांपैकी वयाच्या ३९ पर्यंत १ टक्क्याला हृदयविकाराची घटना घडली. त्याच दोषाच्या त्यांच्या पालकांत, ज्यांना लहानपणी हे औषध उपलब्ध नव्हते, त्याच वयापर्यंत २६ टक्क्यांना. धमनीच्या भिंतीला एलडीएल किती आहे आणि किती वर्षे आहे, या दोन्हींचा गुणाकार भोगावा लागतो.

हे मान्य केले तर लॅबच्या रिपोर्टकडे रागानेच पाहावे लागते. अनेक रिपोर्टांवर उजव्या रकान्यात अजून २००१ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेतली वर्गवारी छापलेली असते: १०० खाली उत्तम, १०० ते १२९ जवळपास उत्तम. दोन स्टेंट बसलेल्या माणसाचे एलडीएल ११० असेल तर त्याच्या रिपोर्टावर धोक्याची खूणही नसते. २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शिकेनुसार त्याचे एलडीएल ५५ च्या खाली आणि मूळ पातळीच्या निम्म्याने तरी कमी असायला हवे. तोच ११० चा आकडा मधुमेह नसलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या तिशीतल्या निरोगी माणसाला चालून जातो. सर्वांना एकच ‘नॉर्मल’ छापणे ही वैद्यकीय चूक आहे, आणि ती दुरुस्त करायला ‘हृदयविकार, पक्षाघात किंवा मधुमेह असल्यास लक्ष्य वेगळे आहे’ एवढी एक ओळ पुरेल. आकडा फसवा ठरण्याची आणखी दोन कारणे रुग्णालाही माहीत असावीत. ट्रायग्लिसराइड (रक्तातला दुसरा मेद) ४०० च्या वर असेल तर सूत्राने काढलेले एलडीएल विश्वासार्ह नसते. झटक्यानंतर किंवा मोठ्या आजारपणात एलडीएल तात्पुरते खाली येते. म्हणून झटक्यानंतरची तपासणी पहिल्या २४ तासांतली ग्राह्य, नाहीतर काही आठवड्यांनी पुन्हा करावी.

प्रत्येकाने स्टॅटिन घ्यावे, असे मात्र मी म्हणणार नाही. टक्केवारीची घट सर्वांना जवळपास सारखी मिळते, प्रत्यक्ष फायदा मात्र ज्याच्या त्याच्या धोक्यावर ठरतो. एलडीएल ७७ मिलिग्रॅमने उतरले तर धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो. पुढच्या दहा वर्षांत झटका येण्याची शक्यता ३० टक्के असेल तर ती १८ वर येते, म्हणजे शंभरातले बारा जण वाचतात. शक्यता ३ टक्केच असेल तर शंभरात एक. हा एक फार कमी, की दहा वर्षांच्या गोळ्यांना पुरेसा, हे ठरवण्याचा हक्क त्या माणसाचा आहे. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेले, एलडीएल १९० च्या वर असलेले आणि चाळिशी ओलांडलेले मधुमेही यांच्या बाबतीत मला फारशी चर्चा उरलेली दिसत नाही. पंचाहत्तरीपुढच्या निरोगी माणसाला नव्याने सुरू करण्याचा पुरावा तुलनेने तोकडा आहे. चाळिशीच्या आतल्यांची अडचण वेगळी. धोका मोजणारी कोष्टके मुख्यतः वयावर चालतात, त्यामुळे घराण्यात लवकर हृदयविकार आणि एलडीएल १७० असलेल्या ३५ वर्षांच्या माणसाचाही दहा वर्षांचा धोका नगण्य दिसतो. अशा वेळी कोष्टकावर विसंबून घरी पाठवणे मला पटत नाही. तीस वर्षांचा हिशेब मांडावा, लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, मुख्यतः आनुवंशिकतेने ठरणारा कण) एकदा तपासावे आणि मग ठरवावे.

दुष्परिणामांवर बोलताना दोन्ही बाजूंचे आकडे एकाच मापात मांडले पाहिजेत. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या आढाव्यानुसार १०,००० लोकांचे एलडीएल पाच वर्षे ७७ मिलिग्रॅमने कमी ठेवले, तर स्नायूंची खरी इजा सुमारे ५ जणांना होते, मधुमेहाचे ५० ते १०० नवे निदान होते, मेंदूतील रक्तस्राव ५ ते १० जणांत जास्त होतो. आधीच हृदयविकार असलेल्यांत याच १०,००० मध्ये सुमारे १,००० जणांची मोठी घटना टळते. आजार नसलेल्या पण धोका वाढलेल्यांत सुमारे ५०० जणांची. मधुमेहाचे नवे निदान बहुतांशी त्या उंबरठ्यावर आधीच उभे असलेल्यांत होते, म्हणून सुरू करण्यापूर्वी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) पाहावे आणि वर्षाने पुन्हा पाहावे. लपवण्यासारखे यात काही नाही. आधी सांगितले तर नंतर विश्वास तुटत नाही.

अंगदुखी हे गोळी सोडण्याचे सर्वांत मोठे कारण. २०२२ मध्ये चाचण्यांतल्या माहितीचे एकत्रित विश्लेषण आले: स्नायू दुखण्याची तक्रार स्टॅटिन गटात २७.१ टक्क्यांनी केली, प्लासिबो गटात २६.६ टक्क्यांनी. ‘सॅमसन’ या छोट्या पण देखण्या अभ्यासात, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना बारा महिने आळीपाळीने स्टॅटिन, प्लासिबो आणि काहीच नाही, असे दिले. गोळी नसलेल्या महिन्यांत त्रासाचे गुण ८, प्लासिबोच्या महिन्यांत १५.४, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. त्रास खरा होता. बहुतांश वेळा तो गोळी घेण्यातून आणि तिच्याविषयीच्या भीतीतून येत होता, रसायनातून नव्हे. ही भीती पसरवण्यात माध्यमांचा वाटा आहे. डेन्मार्कमधील २०१६ च्या अभ्यासात स्टॅटिनविरोधी बातम्यांनंतर औषध लवकर सोडण्याचे प्रमाण वाढलेले दिसले, आणि लवकर सोडणाऱ्यांत झटक्याचे प्रमाण २६ टक्क्यांनी जास्त होते. हा निरीक्षणातून आलेला संबंध आहे, कार्यकारणाचा पक्का पुरावा नव्हे. तरी बातमीचा मथळा लिहिणाऱ्याने तो डोळ्यांसमोर ठेवावा.

तरीही ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून रुग्णाला परत पाठवणे चूकच. दोन्ही मांड्या, खांदे किंवा कंबर सारखी दुखत असेल आणि त्रास गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांत सुरू झाला असेल, तर तो औषधाचा असू शकतो. सीके (स्नायूंची इजा दाखवणारे रक्तातले विकर) तपासावे, थायरॉइड तपासावे (ते मंद असेल तर स्टॅटिन सोसत नाही), सोबतची औषधे पाहावीत. गोळी दोन ते चार आठवडे थांबवावी. त्रास गेला तर कमी मात्रेने किंवा दुसऱ्या स्टॅटिनने पुन्हा सुरू करावी. ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन शरीरात जास्त वेळ टिकतात, म्हणून ती एक दिवसाआडही चालतात. त्यानेही जमले नाही तर एझेटिमाइब किंवा बेम्पेडोइक ॲसिड ही एलडीएल उतरवणारी, स्टॅटिन नसलेली औषधे आहेत. सीके सामान्य मर्यादेच्या दहापटीवर गेले, किंवा लघवी गडद तपकिरी झाली आणि उठता-बसता येईना, तर मात्र गोळी त्याच क्षणी बंद करून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हे फार दुर्मिळ आहे, पण मूत्रपिंडांवर बेतते. आशियाई वंशाच्या लोकांत रोसुव्हास्टॅटिनची रक्तातली पातळी सुमारे दुप्पट होते, म्हणून सुरुवात ५ मिलिग्रॅमने करण्याची शिफारस आहे. थेट ४० लिहिण्याचे धाडस करू नये.

मात्रा वाढवण्यातही एक गणित दुर्लक्षित राहते. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तर एलडीएल मूळ पातळीच्या जेमतेम ६ टक्क्यांनीच आणखी उतरते. १६० असलेल्याला ४० मिलिग्रॅम ॲटोर्व्हास्टॅटिनने ८० मिळाले, तर ८० मिलिग्रॅमने ७० मिळतील. त्याऐवजी ४० कायम ठेवून १० मिलिग्रॅम एझेटिमाइब जोडले, तर ६४ च्या आसपास. ५५ गाठायचे असेल आणि अंग दुखत असेल, तर दुसरा मार्ग आधी धरावा.

त्रास देणाऱ्या जोड्या लक्षात ठेवायला हव्यात. सिमव्हास्टॅटिन किंवा ॲटोर्व्हास्टॅटिनसोबत क्लॅरिथ्रोमायसिन (प्रतिजैविक), इट्राकोनॅझोल (बुरशीवरचे औषध) यांसारखी औषधे आली की स्टॅटिनची पातळी चढते. लहान कोर्स असेल तर तेवढे दिवस स्टॅटिन थांबवायचे आणि नंतर आठवणीने सुरू करायचे. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन घेणाऱ्याला सिमव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. जेमफिब्रोझिल हे ट्रायग्लिसराइडवरचे औषध स्टॅटिनबरोबर टाळावे. पित्तावरचे ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचे औषध रोसुव्हास्टॅटिननंतर दोन तासांनी घ्यावे. सिमव्हास्टॅटिन रात्री, ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन सोयीच्या कोणत्याही ठरलेल्या वेळी. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दोन गोळ्या घेऊ नयेत. गर्भधारणेचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावे. बहुतेकींना स्टॅटिनची गोळी थांबवावी लागते आणि स्तनपानाच्या काळातही देत नाहीत.

डॉक्टरांकडून मागण्यासारख्या गोष्टी मोजक्याच आहेत. चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे ‘कोलेस्टेरॉलसाठी’ असे लिहिण्याऐवजी ‘हृदयाच्या धमन्यांसाठी, दीर्घकाळ’ असे लिहावे. एलडीएलचे त्या रुग्णाचे लक्ष्य आकड्यात लिहावे. पुढची तपासणी चार ते बारा आठवड्यांनी, त्यानंतर तीन ते बारा महिन्यांनी, तारखेसह. सुरुवातीला एएलटी (यकृताचे विकर) एकदा पाहिले आणि ते ठीक असेल, तर लक्षणे नसताना दर महिन्याला यकृताच्या तपासण्या लिहायची गरज नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही २०१२ मध्ये ती सक्ती काढून टाकली. आणि रुग्णालयातून सुटी देताना, किंवा दुसऱ्या कुठल्या शस्त्रक्रियेसाठी औषधांची यादी पुन्हा लिहिताना, स्टॅटिन यादीतून गळले नाही ना, हे एका माणसाने नाव घेऊन तपासावे. शस्त्रक्रियेच्या काळातही चालू स्टॅटिन थांबवायचे नसते, आणि तिथे गळलेली गोळी पुन्हा सुरू करायचे कुणालाच आठवत नाही.